कुस्कोचे काळे बटाटे

एका आईने लेकीसाठी दिलेले बटाटे मी कचऱ्यात टाकले आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली. तेव्हा मी कोवळ्या साठीत होते. अक्कल अजून यायची होती.

२००५ साली अमेरिकेत मुलाकडे राहायला आले होते, तेव्हा सांता क्लाराहून त्याच्याबरोबर पेरूतलं कुस्को बघायला गेले. उतरलो त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या आईकडे. इंका लोकांनी चुन्याशिवाय रचलेल्या भिंती अशा, की दोन दगडांमध्ये माझी साडीची पिनसुद्धा शिरेना. अवशेष चढून-उतरून दमलो की ती माउली बटाट्याचं गरम सूप वाढायची. निघताना तिने लेकीसाठी पिशवी दिली. बोलली पुष्कळ, पण मला तिची भाषा कुठली कळायला!

मुलाच्या घरी परत येऊन पिशवी उघडली, तर आत काळे, सुरकुतलेले बटाटे. प्रवासात सडले बिचारे, म्हणून फेकले आणि दुकानातून गोरेगोमटे आणून भरले.

मुलगी न्यायला आली. पिशवीत पाहून तिने आईचे बटाटे कुठे म्हणून विचारलं, मी फेकल्याचं सांगितलं. मग तिने सांगितलं, आई डोंगरावरच्या गावी जाऊन ते बटाटे थंडीत गोठवते, पायांनी तुडवते, उन्हात वाळवते. आणि मी दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालून मुलाला अमेरिकेत पाठवणारी बाई! मला मान वर करवेना.

शेवटी तीच म्हणाली, "आंटी, आज तुमच्याच बटाट्यांचं सूप करते. म्हणजे फोनवर आईला 'सूप छान झालं' म्हणताना खोटं बोलायला नको."