हॉबर्टच्या वाफ्यातली कळी

"यंदा त्या रोपाला कळी नाही," असं लुएलाने नवऱ्याला सांगितलं होतं, आणि ते धडधडीत खोटं होतं. कळी होती. एकच होती, आणि तिच्यापायी लुएलाच्या जिवाला घोर लागला होता.

ओहायोतल्या त्यांच्या घरामागे तिच्या नवऱ्याने, हॉबर्टने, उभं आयुष्य डेलिली या फुलझाडाच्या नव्या जाती करण्यात घालवलं. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बी पेरायचं, वर्षं-वर्षं वाट बघायची आणि पहिलंच फूल मनात भरलं नाही तर रोप सरळ खतात. दयामाया नाही. आता त्याच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं, आणि डॉक्टर म्हणत होते, तेही फार दिवस नाही. हे त्याच्या हातचं शेवटचं रोप. त्याचं फूल त्याला बघायला मिळावं, बाकी लुएलाचं काही मागणं नव्हतं. पण हरणं रातोरात कळ्या फस्त करतात. उगीच आस लावा आणि मग त्याचं तोंड बघा, त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असा तिने विचार केला. मोठी शहाणी! वासाने हरणं लांब राहावीत म्हणून शेजारच्या काठीला साबणाची वडी टांगून आली, पण नवऱ्यापाशी चकार शब्द नाही.

डेलिलीचं फूल एका दिवसाचं. मिटलेली फुलं संध्याकाळी खुडायची, ही हॉबर्टची सवय नजर गेली तरी सुटली नव्हती. त्या दिवशी सर येऊन गेली होती, सगळंच ओलंचिंब; मिटलेलं फूल आणि कळी हाताला सारखीच लागावी असं. लुएला बाहेर आली, तर हा बादली घेऊन नेमका त्या रोपापाशी उभा.

"तिथे काय खुडलंस?"

"काय म्हणजे? आजची फुलं."

तिने बादलीत हात घातला. लिबलिबीत फुलांच्या रेंद्यात तिची टपोरी कळी सापडली. तिने ती मुठीत झाकली.

"काय झालं गं?"

"काही नाही."

फुगलेली कळी पाण्यात उमलते, असं बागवाल्या बायका म्हणत. तिने ती पेल्यात ठेवली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी फूल उमललं होतं. तिने पेला हॉबर्टच्या कॉफीशेजारी ठेवला.

"त्याच रोपाचं आहे. काल तूच खुडलंस. मी सांगितलं नव्हतं ना तुला. चूक माझी."

हॉबर्टने तोंड फिरवलं. रागावला, असं तिला वाटलं. पण तो डोळ्याच्या कोपऱ्यातून फूल बघत होता. बराच वेळ बघत होता.

"विटकरी," तो म्हणाला. "आणि मळकट."

"आहे खरं."

"फुलाचा आतला गळा हिरवा आहे का?"

"हिरवागार."

"मग राहू दे रोप. पुढच्या वर्षी तू बघ आणि मला सांग."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने फुलाबद्दल तिचं मत कधी विचारलं नव्हतं.

"मला कुठे जमतंय? कसं सांगू?"

"असेल तसं सांग," हॉबर्ट म्हणाला. "आता मला तूच सांगणार. लपवू नकोस."