गोलाबाहेरची सही

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी साडीला इस्त्री करत होते. तिची मुलगी आयेशा "मावशी, अम्मी गेली..." एवढंच म्हणाली. मी फोन कानाशी धरून उभी, इस्त्री साडीवर तशीच. पदराला जळका डाग पडला. शमीम असती तर म्हणाली असती, "आधी बटन बंद करायचं वं, मंग रडायचं."

त्याला आता सहा आठवडे झाले. बायका कब्रस्तानात गेल्या नाहीत, म्हणून मी तिच्या घरीच बायकांत बसले. बाईच्या कफनात डोक्यासाठी एक वेगळी ओढणी असते, हे मला त्या दिवशी कळलं. आयेशानं ती क्षणभर माझ्या हातात दिली. पांढरी, साधी, सुती. डोक्यावरच्या एवढ्याशा कापडासाठी ही बाई दोन्हीकडच्या लोकांशी जन्मभर भांडली होती. मला रडू आलं आणि रागही आला. खरं सांगायचं तर रागच जास्त आला.

आम्ही दोघींनी एकाच कॉलेजात वीसेक वर्षं शिकवलं. मी मराठी, ती वाणिज्य शाखेला व्यवस्थापन. लग्न करून ती उमरेडला गेली होती आणि रोज एसटीनं नागपूरला यायची. सासऱ्यांनी नोकरीला परवानगी दिली ती चेहरा झाकण्याच्या अटीवर. त्यामुळे बसमध्ये नकाब आणि कॉलेजच्या फाटकाशी आली की तो घडी होऊन पर्समध्ये, असं दोनेक वर्षं चाललं. मग एका संध्याकाळी ती उमरेडच्या स्टँडवर उघड्या चेहऱ्यानं उतरली आणि तशीच चालत घरी गेली. सासरे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. नंतर एक दिवस त्यांनीच चहा मागितला, आणि विषय संपला. स्टाफरूममध्ये मात्र तो सुरू झाला. नकाब गेलाच आहे, तर आता डोक्यावरची ओढणीही काढून टाका की, असा प्रेमळ आग्रह. शमीमनं डब्यातली पोळी तोडता तोडता उत्तर दिलं, "एक बाजू म्हणते झाक, दुसरी म्हणते काढ. मले कोणीच विचारून नाही राहिलं. नकाब त्यांचा होता, दिला परत. ओढणी माझी आहे." त्यानंतर आग्रह थांबला. निदान तोंडावर तरी थांबला.

तिच्या अभ्यासक्रमात नेतृत्वावर एक प्रकरण होतं. नेत्याचे प्रकार, नेत्याचे गुण, सगळं क्रमवार. ती पुस्तक मिटून ठेवायची आणि जहाजांवरची बंडं सांगायची. आमच्या नागपुरात समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव, आणि बाईंनी स्वतः समुद्र पाहिला तो एकदाच, सहलीत, तोही लांबूनच. पण ती सांगू लागली की बाकं हलायची. माझा तास नसला की मी तिच्या वर्गाच्या दाराशी उभी राहायची. "पोरींनो, बंड झालं की कॅप्टन म्हणतो खलाशी हरामखोर. तुम्ही आधी पिण्याच्या पाण्याचं पिंप पाहा. कॅप्टनच्या ताटात काय आहे अन् आपल्या ताटात काय, हे खलाशी रोज पाहून राहिले असतात." मुंबईतल्या नौसैनिकांच्या बंडाचीही ठिणगी जेवणावरूनच पडली, हे ती हटकून सांगायची. आणि म्हणायची, "कुरकुर चालू असलेल्या जहाजाले भिऊ नका. चिडीचूप झालेल्या जहाजाले भ्या."

सगळ्यांत रंगायची ती गोल अर्जाची गोष्ट. जुने खलाशी तक्रार लिहीत तेव्हा सह्या एकाखाली एक करत नसत, गोलात करत. पहिलं नाव कोणाचं ते कळू नये म्हणून. पहिला सापडला की फास त्याच्याच गळ्यात. हे सांगताना शमीम आपल्या डब्याचं स्टीलचं झाकण फळ्यावर दाबून धरायची आणि भोवती खडू फिरवायची. त्या झाकणाच्या काठात खडूची पूड कायमची बसली होती.

आणि मग माझी पाळी आली. प्राचार्य निवृत्त झाले, पदभार माझ्याकडे आला, आणि काही महिन्यांनी संस्थेच्या सचिवांनी एका सूचनेचा मसुदा पाठवला. कॉलेजच्या आवारात विद्यार्थिनींनी आणि शिक्षिकांनी डोकं किंवा चेहरा झाकू नये. शिस्तीसाठी. उन्हाळ्यात निम्मं नागपूर तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीवर फिरतं, पण सूचना कोणासाठी होती ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. ओढणी घेणाऱ्या सात-आठ मुली होत्या. त्यांतली नसरीन शेवटच्या वर्षाला होती, ओढणी निघाली तर घरातून निघणंच बंद होणार होतं तिचं. मी बौद्ध घरातली. कोणी काय नेसावं, कुठं बसावं हे दुसऱ्यानं ठरवलं की काय होतं, ते मला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तरी मी सही केली. कायम प्राचार्यपद समोर दिसत होतं, दुसरं काही कारण नाही.

सूचना फलकावर लागण्याआधीच तिची बातमी फुटली, तरी तीन दिवस कॉलेज चिडीचूप होतं. मला वाटलं, निभावलं. चौथ्या दिवशी टेबलावर एक कागद आला. सूचना मागे घ्या, एवढंच वाक्य, आणि भोवती गोलात चाळीसेक नावं. मेश्राम, शेख, ठाकरे, वानखेडे, सगळ्या एका माळेत. सचिवांचा फोन आला, म्होरकी कोण ते शोधा. मी शमीमला केबिनमध्ये बोलावलं.

"हे तूच शिकवलंस."

"हो. सिलॅबसमधीच आहे, युनिट तीन."

"शमीम, म्होरकी कोण?"

ती कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "म्होरकी शोधून राहिली का तू? पिंप कोणी नासवलं ते शोध ना वं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रागात नव्हती, तेच सहन होईना. मी पेन उचललं आणि त्या कागदावर सही केली. पण इतक्या महिन्यांची सवय... गोलात कुठंतरी नाव घुसवायचं सोडून मी खाली उजव्या कोपऱ्यात सही ठोकली, त्याखाली प्रभारी प्राचार्य असं लिहिलं, आणि वर शिक्काही मारला. शमीम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अवं बाई, चाळीस पोरींनी म्होरकी लपवली अन् तू शिक्क्यासकट उभी राहिली." मी कागद फाडायला घेतला, दुसरा करू म्हणाले. तिनं माझा हात धरला. "राहू दे." आणि माझ्या सहीशेजारी, गोलाबाहेर, तिनंही सही केली.

तो कागद तसाच सचिवांकडे गेला, आणि सूचना फलकावर लागली नाही. नसरीन परीक्षेला ओढणी घेऊनच बसली. माझा पदभार त्याच आठवड्यात गेला आणि पुन्हा आला नाही. शमीमकडचं नेतृत्वाचं प्रकरण काढून तिला कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवायला दिला. तिनं तिथंही अर्जाचे नमुने शिकवताना जहाजं घातलीच. मी केलेल्या पहिल्या सहीबद्दल तिनं मला एक शब्द विचारला नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती. रोज एका डब्यात जेवताना ते राहूनच गेलं.

ती गेल्यावर कॉलेजच्या फलकावर तिचा फोटो लागला. नोकरीच्या अर्जाला लावलेला, पण लग्नाआधी काढलेला, दोन वेण्या आणि डोकं उघडं. फाइलमध्ये हाच एक सापडला म्हणे. स्नेहसंमेलनाच्या अल्बममध्ये तिचे डझनभर फोटो आहेत, सगळे ओढणीतले, पण ते कोणाला सापडले नाहीत. जिवंतपणी जे काढता आलं नाही, ते मेल्यावर काढून घेतलं.

गेल्या सोमवारी आयेशानं मला तिचा डबा आणून दिला. मंगळवारी मी झाकण घेऊन कॉलेजात गेले, कोऱ्या कागदावर ठेवलं आणि भोवती पेन फिरवलं. फोटो बदला, एवढंच लिहिलं. दुपारपर्यंत गोल भरला. शिपायांपासून ग्रंथपालांपर्यंत, आणि तिच्या तासाला कधीच न बसलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरींपर्यंत. माझ्यासाठी त्यांनी गोलात जागा ठेवली होती. मी खालीच सही केली, उजव्या कोपऱ्यात. शेजारी एका सहीपुरती जागा कोरी राहिली. तिथं कोणी लिहायला लागलं की मी झाकण त्या जागेवर ठेवते.