भावोजींची गेम लायब्ररी

दीनानाथ भावोजी,

मंडळाच्या अंकासाठी इथल्या, लंडनच्या हॅरोतल्या एखाद्या साध्या माणसावर लिहा, असा अंक काढणाऱ्या सुचेतानं हुकूम सोडला आणि मी लगेच तुमचं नाव सांगितलं. पत्र तुम्हाला आहे, पण वाचणार सगळे. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मी सांगणार. मधे मधे ‘वहिनी, तसं नव्हतं’ म्हणायचं नाही. तसंच होतं.

तुम्ही माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. ठाण्यात वाचनालयाच्या काउंटरवर बसत होतात, तिथून उठून इंग्लंडला आलात, पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात उभ्यानं वर्षं काढलीत आणि तिथून सुटल्यावर स्टेशनजवळ व्हिडिओ कॅसेटचं दुकान काढलंत. हिंदी सिनेमे पुढे, मराठी नाटकं मागे. शनिवारी रांग लागायची. मग घरोघरी डिश लागल्या आणि २००४ सालच्या उन्हाळ्यापर्यंत रांगेत तुम्ही एकटे उरलात, तेही काउंटरच्या आतल्या बाजूला.

दुकानाचं लीज पुढच्या मार्चअखेर संपत होतं. राजीवनं, तुमच्या मुलानं, मिल्टन कीन्सच्या घरात तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. भिंतीला कुठला रंग हवा हेही त्यानं फोनवर विचारलं. तुम्ही म्हणालात, “कुठलाही दे, मी राहणार नाहीये.” मुलगा वाईट नाही. पण तिथे गेलात की सकाळी नातवंडांना शाळेत सोडा, दुपारी आणा, मधल्या वेळात बॉयलर दुरुस्त करणाऱ्याची वाट बघा. “नातवंडं मला हवीत हो वहिनी,” तुम्ही म्हणालात, “पण मला विचारून ठरवलेली वेळ हवी.” मार्चच्या आत दुकान चालायला हवं, नाहीतर खोली. एवढं साधं गणित होतं.

उपाय दारातून चालत आला. अनुप, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, तिशीचा, आमच्या गल्लीत भाड्यानं राहणारा. जुन्या नाटकाची कॅसेट परत करायला आला तो तोंड पाडून. टीव्हीला जोडून खेळायचा, चाळीस पौंडांचा प्लेस्टेशनचा नवा गेम शुक्रवारी घेतला, रविवारी संपला, आणि आता दुकानदार परत घ्यायला चतकोर किंमत देतोय.

तुम्ही विचारलंत, “ठाण्यात पुस्तक वाचून झालं की काय करायचे लोक?”

“परत करायचे.”

“आणि?”

“दुसरं न्यायचे. काका, पण हे पुस्तक नाहीये.”

“डबीत तर बसतं ना? मग झालं.”

भावोजी, त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा कोटाची बटणं चुकीची लावली होतीत आणि चहा गार होईपर्यंत बोलत होतात. महिन्याची वर्गणी. एका वेळी एक गेम. हवा तेव्हा बदला. परतीची तारीख नाही, दंड नाही. एका नव्या गेमच्या किमतीत माणूस तीन-चार महिने खेळेल. नावडला तर नावडला, दुसऱ्या दिवशी आणून टाका. “वहिनी, चाळीस पौंड घातले की नावडलेला गेमसुद्धा आवडून घ्यावा लागतो. वर्गणीत तसं नाही. वर्गणीत माणसाला नाक मुरडता येतं.” मी एम.ए. आहे, अर्थशास्त्रात. याहून बरं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं आणि तसं तोंडावर सांगितलंही.

पोस्टानं गेम पाठवणाऱ्या कंपन्या तेव्हा होत्याच. पण त्यांच्याकडे यादीत दहा नावं टाकायची आणि नववं हातात पडायचं. तुमच्याकडे काउंटर होतं. भाड्यानं द्यायच्या प्रती तुम्ही रीतसर मागवल्यात, प्रत्येक डबीला वाचनालयातल्या पुस्तकासारखं पारदर्शक कव्हर घातलंत. अनुप कुठला गेम चांगला ते सांगायला येऊ लागला आणि नाटकांची कपाटं रिकामी झाली. दिवाळीनंतर उघडलंत आणि आठवड्याभरात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हॅरोतली मराठी घरं, त्यांचे गुजराती शेजारी, एजवेअरहून बसनं येणारी पोरं. मी नुसती बघायला म्हणून गेले आणि दोन तास डब्या पुसत बसले.

आणि मग आपल्या लोकांनी घोळ घातला.

अमर्याद म्हटलं की आपल्या माणसाच्या अंगात येतं. थाळी अमर्याद असली तर तो सकाळपासून उपाशी राहील. वर्गणी भरली ना, मग वसूल करा. मुलं खेळत होती आणि आया वसूल करत होत्या. सकाळी नेलेला गेम दुपारी परत.

“झाला का खेळून?”

“झाला नाही, पण दुसरा द्या. महिना संपत आलाय.”

“अहो, त्याला अजून सुरुवातसुद्धा कळली नसेल.”

“कळेल. तुम्ही द्या.”

काही घरांत तर फ्रिजवर आकडे लिहीत होते, कुणाच्या पोरानं किती गेम बदलले. पोरं रडकुंडीला आली. कुठलाच गेम धड पुढे जाईना. जानेवारीत एकेक वर्गणी बंद व्हायला लागली. कारण सगळ्यांचं एकच, मुलाला कंटाळा आला. कंटाळा येणारच. भरभर चमचे भरवले तर श्रीखंडाचाही येतो.

राजीव फोनवर म्हणाला, “बाबा, ट्राय केलंत ना, आता पुरे.” फेब्रुवारीत शाळांना हाफ-टर्मची सुट्टी असते, तेव्हाच्या शनिवारी तो गाडीत रिकामी खोकी घालून आलाच. तुम्ही त्याला चहा दिलात आणि खोक्यांकडे पाठ करून बसलात. मी तिथेच होते, माझं डोकं तापलं होतं, पण बापलेकांच्या मधे बोलले नाही. हे माझ्यासाठी विशेष आहे, सगळे जाणतात.

तेवढ्यात श्रद्धा आली. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली, बोलायला फटकळ. मागे तिची अकरा वर्षांची तनिषा, डबी छातीशी धरून.

“काका, आमची वर्गणी बंद करा. या मुलीनं नाताळपासून एकच गेम ठेवलाय. एकच. तिच्या मैत्रिणींनी दुकान पालथं घातलं आणि ही अजून तिथेच.”

दुकानात पाच-सहा आया होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या. राजीवनं माझ्याकडे बघितलं, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ अशा नजरेनं.

तुम्ही तनिषाला विचारलंत, “आवडलाय का ग?”

“खूप.”

“मग संपत का नाही?”

“शेवटचा जागा येतो ना, तिथे दोन माणूस लागतात. एकाने दार धरून ठेवायचं, एकाने पाणी सोडायचं. मला एकटी नाही जमतं.”

“मग मैत्रिणीला बोलव.”

“त्यांना टाइम नाही. त्यांना रोज नवीन गेम संपवायचा असतो.”

तुम्ही काही उपदेश केला नाहीत. मी केला असता. तुम्ही उठलात, काउंटरवरच्या टीव्हीला गेमचा कन्सोल लावलात, तनिषाचा खेळ जिथवर आला होता ते साठवलेलं, डबीतलं मेमरी कार्ड घातलंत आणि दुसरा कंट्रोलर श्रद्धाच्या हातात दिलात.

“काका, मला यातलं काही येत नाही.”

“वर्गणी तुम्ही भरता ना? मग वसूल करा.”

पडद्यावर एक डोंगर, खाली कोरडं पडलेलं गाव, वर दगडी धरण. तनिषाची बाहुली दोरावरून सरसर वर गेली. श्रद्धाची बाहुली भिंतीला धडकत राहिली.

“आई, तिकडे नाही. लेफ्ट. तुझा लेफ्ट.”

“हाच माझा लेफ्ट आहे.”

“तो आईच्या हाताचा आहे, बाहुलीचा दुसरा,” मागून कुणीतरी म्हणालं. आया पुढे सरकल्या. श्रद्धानं कोट काढून राजीवकडे फेकला, त्यानं तो झेलला. दार धरायचं म्हणजे एक बटण दाबून ठेवायचं आणि दुसऱ्यानं तोल सांभाळायचा. पहिल्यांदा तिनं बटण सोडलं, दार पडलं, पुन्हा खालून. दुसऱ्यांदा वरून दगड आले. तिसऱ्यांदा सगळं जमत आलं आणि श्रद्धाचा फोन वाजला.

“उचलू नकोस,” आम्ही सगळ्या एका आवाजात म्हणालो. तिनं उचलला नाही.

चौथ्या वेळी तिनं बटण असं दाबलं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं. “जा, जा, मी धरलंय, तू जा.” तनिषा गेली. साखळी, चाक, झडप. झडप अडकली. राजीव माझ्या खांद्यावरून ओरडला, “उलटं फिरव, अँटी-क्लॉकवाइज.” मी वळून बघितलं, खोकी पायानं मागे ढकलून तो पुढे आला होता. तनिषानं उलटं फिरवलं. पाणी सुटलं. डोंगरावरून खाली, पाटांतून, अंगणांतून, सगळं गाव चमकायला लागलं आणि दुकानात इतका कल्ला झाला की शेजारचा केमिस्ट बघायला आला.

श्रद्धानं कंट्रोलर खाली ठेवलाच नाही. मग म्हणाली, “काका, दोघांचे गेम आणखी कुठले आहेत?”

तुम्ही त्याच संध्याकाळी कपाटं हलवलीत. एक खण ‘दोघांसाठी’. एक ‘सावकाश’. आणि दारावर इंग्रजीत पाटी: किती बदलले ते विचारू नका, कसा होता ते विचारा. बंद झालेल्या वर्गण्या परत आल्या, नव्या आल्या. पहिल्या दिवसापासून एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्या एका गृहस्थांना मात्र तुम्ही हाकललंत. “तुम्ही विकतच घ्या, वर्गणीत तुमचं नुकसान आहे.” गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. त्या गृहस्थांनी आपले दोन भाचे वर्गणीदार करून दिले.

मार्चमध्ये लीजवर तुम्ही सही केलीत आणि साक्षीदार म्हणून राजीवनं. मिल्टन कीन्सच्या त्या खोलीत त्यानं आता टीव्ही आणि कन्सोल ठेवलाय. महिन्यातून एका रविवारी तुम्ही जाता, नातवंडांशी हरता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येता. वेळ तुम्ही ठरवलेली.

यशानं तुम्हाला थोडी हाव सुटली, हेही लिहिते. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर एक रिकामा गाळा असल्याचं कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही दुसऱ्या शाखेची भाषा सुरू केलीत. “वहिनी, तुम्ही बरोबर चला. मी जागा बघतो, तुम्ही भाव पाडा.” मी तयार होते. भाव पाडायला मी कायम तयार असते. पण गाळा दाखवणारा माणूस भेटायचा फक्त शनिवारी, आणि शनिवारी दुकान बंद ठेवायचं म्हटलं की तुमचा चेहरा उतरायचा. या शनिवारी नवे गेम येणार. पुढच्या शनिवारी दोघांच्या खणाची स्पर्धा. त्याच्या पुढच्या शनिवारी श्रद्धा आणि तनिषा फायनलला, मग मीच म्हटलं, आज नको.

त्या गाळ्यात आता साड्यांचं दुकान आहे म्हणे. कसं आहे कोण जाणे, आपण लेस्टरला गेलोच नाही.