मालगाडी गोल फिरत नाही

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी छोट्या रेल्वेचं मॉडेल करायला घेतलं. खोलीतल्या एका भिंतीला लागून मावेल एवढं, आणि त्यावर फक्त मालगाड्या. माझे वडील मालधक्क्यावर कारकून होते. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचे. साखरेची पोती, खताच्या गोण्या, रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ढकलत नेणारं इंजिन. प्रवासी गाडीकडं मी कधी मान वळवून पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात जेवणाचं टेबल मी अडवलं. मोठ्या कागदावर रूळ काढायचे, पुठ्ठ्याच्या वाघिणी बोटानं सरकवून बघायच्या, अडलं की खोडायचं. सगळं डोकं खाल्लं ते टोकाच्या एका आखूड रुळानं. त्यावर इंजिन आणि एकच वाघीण उभी राहील, एवढीच जागा मी मुद्दाम ठेवली. इंजिनानं एक वाघीण ओढून तिथं न्यायची, सांधा बदलायचा, मग मागं ढकलत ती धक्क्याला लावायची. पुन्हा दुसरीसाठी यायचं. सगळी गंमत त्या हेलपाट्यांत होती.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या माडीवर अशी मॉडेलं करणाऱ्या हौशी मंडळींचा गट जमतो, असं कळलं. कागदाची गुंडाळी घेऊन मी नवऱ्याबरोबर गेले. गटाचे प्रमुख बांधकाम व्यवसायातले. त्यांनी कागद पसरला आणि नवऱ्याला म्हणाले, "मस्त काढलाय की साहेब! इंजिनिअर हाय काय तुम्ही?"

"मला काय विचारताय? हिनं काढलाय. मी नुसती स्कूटर चालवत आलोय."

"वहिनींनी? व्हय?" एवढं म्हणून ते पुन्हा नवऱ्याकडंच वळले. "पण साहेब, नुसत्या मालगाड्या कोण बघणार? एक चकाचक एक्स्प्रेस पायजे. गोल फिरली की पब्लिक खूश."

"मालगाडी गोल फिरत नाही," मी म्हणाले. "ती वाघिणी सोडते, रिकाम्या उचलते आणि परत जाते. बघायचं असतं ते हेच."

ते हसले. "कागद ऱ्हाऊ दे इथं. बघतो आम्ही."

मी ठेवला. त्यानंतर ना फोन, ना निरोप.

पावसाळा सरल्यावर त्यांचं प्रदर्शन लागलं. आम्ही गेलो, आणि दारातच माझे पाय थांबले. मधल्या टेबलावर माझेच रूळ होते. तेच सांधे, तोच धक्का. फक्त धक्क्याचं मंगल कार्यालय केलं होतं, दिव्यांच्या माळा लावून. भोवतीनं एक निळी एक्स्प्रेस गरगर फिरत होती. माझ्या आखूड रुळाच्या टोकाला कारंजं. वाघीण औषधालासुद्धा नाही. आणि पाटीवर 'संकल्पना' म्हणून प्रमुखांचं नाव.

प्रमुख लोकांना माहिती देत उभे होते. मी गर्दीतून पुढं जाऊन विचारलं, "हा रूळ इथं कशासाठी आहे?"

"तो व्हय... शोभेला हाय की."

"शोभेला? मी महिनाभर डोकं फोडलंय त्याच्यावर!"

"अहो वहिनी, एवढं काय त्यात? तुमचं पण नाव टाकतो की खाली. विशेष सहकार्य."

विशेष सहकार्य! नवरा एरवी दूधवाल्याशीसुद्धा आवाज चढवत नाही. तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "सहकार्य कसलं? सगळा प्लॅन हिचा हाय! आमच्या घरात काढलाय!"

गटातली बाकीची मंडळी छताकडं बघू लागली. त्या गप्प बसण्याचा मला पाटीपेक्षा जास्त संताप आला. तेवढ्यात गर्दीतल्या एका बाईंनी विचारलं, "मग हितं गाडी चालते कशी, ताई?" मी कारंजं उचलून बाजूला ठेवलं. मंगल कार्यालयसुद्धा. एक्स्प्रेसचं इंजिन आणि एक डबा सुटा केला, डब्यालाच वाघीण मानलं आणि हातानंच सरकवत सगळं शंटिंग करून दाखवलं. एक्स्प्रेस बंद पडली ती कुणी चालू केली नाही. मग मी माझा कागद मागितला. प्रमुखांनी तो कपाटातून काढून दिला, माझ्याकडं न बघता. पाटी मात्र होती तशीच राहिली.

त्या बाई हुपरीच्या. घरी चांदीचे पैंजण करतात. बारीक तारेचे आकडे वाकवणं त्यांचं रोजचं काम. त्या कागदावरून मी घरी मॉडेल उभं केलं, पण वाघिणी वळणावर सारख्या सुटायच्या, तेव्हा त्यांनी डबे जोडायचे आकडे करून दिले. आता कोल्हापूरला आल्या की घरी येतात, आणि आम्ही दोघी मिळून साखर धक्क्याला लावतो.

परवा प्रमुखांचा मेसेज आला. पुढच्या प्रदर्शनात 'वहिनींची मालगाडी' ठेवायची म्हणतात. पाटीबद्दल अक्षर नाही. मी उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या सांध्यावर इंजिन का अडकतंय, ते आधी बघायचंय.