चढावर थांबलेली जीप

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत आमच्यात न्हाई. म्हणून मी नुसतं ‘हे’ म्हणते, तुमी समजून घ्या. हे आमच्या धारूरकडच्या दूध संस्थेच्या जीपवर ड्रायव्हर. घाटातल्या वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं अन् वर पोचवायचं, कैक वर्षं हेच काम. बोलणं कमी. जेवढं डोकं हाय तेवढं सगळं त्या जीपमधी घातलेलं. इंजिन दुसऱ्याच गाडीचं, खालचे स्प्रिंगचे पाटे ट्रकचे, मागची शिटं काढून कॅन ठेवायला लोखंडी खण केलेले. मूळची म्हणावी अशी नुसती पत्र्याची बॉडी राहिली. मी लई चिडायचे. घरातलं दार निखळून पडलं तरी यांना दिसायचं न्हाई अन् त्या खटाऱ्याची रोज सेवा.

मग तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. चेअरमन सुंदररावांनी सांगून टाकलं, एवढ्याशा दुधासाठी डिझेल जाळायचं न्हाई, जीप भंगारात काढायची. आता जीप गेल्यावर वस्त्यांवरचं दूध न्यायचं कुणी? त्या आडरानात दुसरं कुणी फिरकत न्हाई. यांचं जेवणच तुटलं.

त्या साली ऊस नव्हता, सहकारी कारखाना बंद. रिकाम्या बसलेल्या पोरांनी घाटात स्पर्धा ठेवली, गाड्यांची इंजिनं-बिंजिनं बदलून भारी केलेल्यांची. एकेक गाडी सोडायची अन् खालून वर सगळ्यात कमी येळात कोण पोचतं ते बघायचं. यांनी नाव दिलं. सुंदरराव हसले. नंबरात आली तर ठेवू, न्हाईतर इकली, असं चारचौघांत म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी वाहनांना रस्ता बंद केला. मी घाटमाथ्यावर सगळ्यांत बसले. एकेक गाडी बघावी तर बूड जमिनीला टेकलेलं अन् सायलेन्सरचा आवाज डोंगर फोडणारा. दोघांची इंजिनं निम्म्या घाटातच तापली. एक तर शेवटच्या वळणावर बंद पडली, चालू करता करता चार हात मागं घरंगळली. पोरं ढकलून थकली.

मग आमची जीप निघाली. लई झकास येत होती. माझा जीव सुपाएवढा झाला.

शेवटच्या वळणावर तिथल्या वस्तीवरची कडूबाई उभी. एकटीच राहती बिचारी, स्पर्धेचं तिला कुणी सांगितलंच न्हाई. सांजच्या दुधाची येळ झाली म्हणून कॅन घेऊन रोजच्या जागी आली, अन् जीप दिसल्यावर हात केला.

हे थांबले. अहो, भर चढावर, भर स्पर्धेत! माझ्या तोंडातनं शिवीच निघाली. हे उतरले, कॅन खणात ठेवला, कडूबाईला पुढं बसवलं अन् गिअर टाकला. जीप इंचभरही मागं सरकली न्हाई. तशीच उचलून चढ चढली.

पण वेळ गेली ती गेलीच. माईकवाल्यानं एकेका पोराचं नाव घेऊन नंबर सांगितले अन् शेवटी म्हणाला, वर पोचलेल्यांत सगळ्यात मागं दूध संस्थेची जीप. पोरं हसली. नाव घ्यायचीसुद्धा गरज वाटली न्हाई मेल्याला.

सुंदरराव उठून जीपपाशी गेले. काहून थांबलात, म्हणून विचारलं.

हे म्हणाले, “तिनं हात केला ना.”

सुंदररावांनी कॅनचं झाकण उघडलं, दूध बघितलं, मागं वळून त्या वळणाकडं बघितलं. मग माईक घेतला. “त्या वळणावर थांबून परत निघालेली एकच गाडी हाय. ती इकायची न्हाई. उद्या सकाळी फेरी निघंल.” अन् माईकवाल्याला म्हणाले, ह्या ड्रायव्हरचं नाव पुकार.

त्याला नाव ठाऊक न्हाई. कागदावर नुसतं ‘दूध संस्थेची जीप’ लिहिलेलं, तोच चाळत बसला. हे खाली बघत कॅनचं झाकण घट्ट लावायला लागले. मला राहवलं न्हाई. डोक्यावरचा पदर सावरला, उभी राहिले अन् सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले,

“आसाराम! आसाराम नाव हाय त्यांचं. माझे मालक हायेत ते.”