डब्याची नक्कल

घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जाड रजया ठोकून, ती दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायची. नवरा गेल्यावर याच कामानं तिला सावरलं होतं. सगळे तिला आवाजताई म्हणत. आणि आवाजताईचा उजवा हात म्हणजे एक जुना, जडशीळ कंप्रेसर, आवाजाचे चढउतार सांभाळणारं यंत्र. ती त्याला नुसतं 'डबा' म्हणे. वाचणाऱ्याचा आवाज चढला की डब्यातला दिवा उजळायचा आणि त्या उजेडाच्या मापानं आवाज अलगद खाली दाबला जायचा. दिवा मंदावला तरी डबा आवाजाला एकदम सोडून द्यायचा नाही. लेकरू झोपलं म्हणून आई थोपटणारा हात लगेच काढून घेत नाही, तसा.

आता तो दिवाच शेवटच्या घटका मोजत होता, आणि तसला दुसरा कुठे मिळेना. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, उद्या निघायचं होतं. पण आईचं काम बंद पडणार असेल तर तिचा पाय घरातून निघणार नव्हता. म्हणून सगळी सुट्टी डब्याशी खटपट करून तिनं कॉम्प्युटरवर त्याची हुबेहूब नक्कल तयार केली होती.

"नकलेत कसला आलाय जीव?" आईनं नाक मुरडलं.

"अगं, ऐकून तर बघ!"

"तू गेलीस की ऐकेन निवांत."

"म्हणजे कधीच नाही!"

त्या दुपारी वाचायला मास्तर आले आणि काचेपलीकडे माइकसमोर बसले. निवृत्त झाले तरी वर्गाची सवय सुटली नव्हती; गोष्टीत भांडण आलं की ते माइकवरच खेकसत. तसे ते खेकसले. आईनं डोळे मिटून डब्याचं बटण जरासं मागे घेतलं, कान देऊन ऐकलं, आणखी केसभर फिरवलं.

"हां! बसला बघ आवाज. जमेल का हे तुझ्या नकलेला?"

लेक ओठ दाबून खाली बघत होती. आईनं डोळे उघडले. डब्याचा काटा निपचित पडला होता. मागे वायर लोंबत होती.

"कधी काढलीस?"

"सकाळी. दिवा गेला गं, आई. तेव्हापासून आवाज नकलेतूनच जातोय. तुला सांगायचा धीर होईना."

"मग मी इतका वेळ..."

"बंद डब्याचं बटण पिळत होतीस! वर फरकही ऐकू येत होता तुला!"

काचेपलीकडून मास्तरांनी विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

"नाही हो मास्तर, माझेच कान लबाड!" आई खो-खो हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले.

"जा तू उद्या," ती म्हणाली. "पण हे चालवायचं कसं, ते दाखवून जा."

लेकीनं खुर्ची तिला चिकटवून घेतली आणि एकेक गोष्ट दाखवली. आईला सगळं पहिल्या झटक्यातच कळलं.

"परत दाखव," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं."