तांडेलाच्या वाट्याची कैद

कोर्टाची पायरी बघितली की मला अजून घाम फुटतो. लोक म्हणतात, तू एवढी तोंडाळ बाई, तू कसली भितेस? भिते बाबांनो! तिथे तोंडाचा काडीचा उपयोग नाही.

आम्ही खाडीकाठच्या भाट्ये गावचे, पोट दर्यावर. बाप लवकर गेला. घरात आई, मी आणि दोघे भाऊ. थोरला आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. तो नसला तर होडी किनाऱ्यावरून हलत नाही आणि खलाशांच्याही घरी चूल पेटत नाही. एका पावसाळ्यात होडी झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली, घरात तांदळाचा दाणा नाही, तेव्हा ह्या शहाण्याने एका दुकानाच्या पडवीतून तांदळाचं पोतं उचललं. पोलीस दारात आले तेव्हा नारळी पौर्णिमा तोंडावर होती, होड्या दर्यात लोटायचे दिवस. आईने धाकट्याकडे नुसतं बघितलं. तो उठला आणि म्हणाला, "मी नेलं."

सहा महिने खडी फोडून आला. आम्हाला वाटलं, चला, फिटलं. आमच्या गावकीत तसंच असतं. गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली, देवापुढे नारळ ठेवला की विषय संपला. पुढे कोणी तो तोंडावर फेकला तर फेकणाऱ्यालाच दंड. आम्ही नारळ ठेवला आणि निर्धास्त झालो. सरकारदरबारी असला नारळ चालत नाही, हे आम्हा अडाण्यांना कोण सांगणार?

धाकटा तुरुंगातून एक दोस्त जोडून आला होता, जळलं मेलं त्याचं तोंड! काही वर्षांनी दोघांनी मिळून शहरात एक घर फोडलं. दोस्त पळाला, हा तांब्याच्या भांड्यांसकट सापडला. ही चोरी त्याचीच. माझा भाऊ साधुसंत होता असं मी म्हणत नाही.

खटला सेशन कोर्टात गेला. वकील म्हणाला, "पहिलाच गुन्हा असता तर वर्ष-दीड वर्षावर भागलं असतं. पण मागे चोरीची शिक्षा आहे. पंचाहत्तर कलम लागणार. माणूस सुधारत नाही असं धरून शिक्षा वाढवतात. सात वर्षं, दहा वर्षं, काळं पाणीसुद्धा."

"अहो, पण ती तर त्याने भोगली ना?"

"भोगली म्हणूनच मोजतात, बाई."

घरी येऊन मी थोरल्याला धरलं. "दादा, आता तरी तोंड उघड!" आई मध्ये पडली. "दोन्ही झिलगे आत घालतेस काय गो?" थोरल्याची पोरं चुलीपाशी भाकरीची वाट बघत बसलेली. बोलावं तर हा जातो, गप्प बसावं तर तो जातो. माझा जीव नुसता कोंडला होता. मी जेवण टाकलं, आईशी बोलणं टाकलं. शेवटी थोरला म्हणाला, "बोलेन मी. होईल ते होईल."

निकालाच्या दिवशी तरीने खाडी ओलांडून आम्ही कोर्टात गेलो. नारळी पौर्णिमा पुन्हा दोन दिवसांवर. जज्जसाहेबांनी धाकट्याला दोषी धरलं आणि मग कारकुनाने जुना कागद बाहेर काढला. तोवर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आधी कळलं तर मन कलुषित होतं, म्हणून तो मागाहून वाचायचा, अशी रीत. कागद वाचून झाल्यावर जज्जसाहेबांनी धाकट्याला विचारलं, "ही चोरी तुझीच ना?"

थोरला उभा राहिला. "साहेब, ती चोरी माझी. ह्याने माझ्यासाठी अंगावर घेतली."

मला रडूच फुटलं, खरं सांगते, आनंदाने. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "हा म्हणतो ते खरं आहे?"

धाकट्याने थोरल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही साहेब. भाऊ आहे, मला वाचवायला खोटं बोलतोय. तांदूळ मीच नेला होता."

"अरे मेल्या!" मी ओरडले. शिपायाने मला दटावून खाली बसवलं.

सात वर्षं सक्तमजुरी. पहिल्या वेळी थोडक्यात सोडलं, तरी आरोपी सुधारला नाही, असं जज्जसाहेब म्हणाले.

बेड्या घालून नेत होते तेव्हा मी त्याच्या अंगावर धावले. "का रे? का केलंस असं?"

"ओरडू नको, आक्का," तो म्हणाला. "परवा होडी सुटायला हवी ना?"

आणि सुटली होडी. थोरल्याने दर्याला नारळ दिला, सुकाणू धरलं, मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळी होडीभर बांगडे घेऊन आला. मी पाटी डोक्यावर घेतली, तरीने पलीकडे गेले आणि तुरुंगाच्या भिंतीकडेच्या रस्त्याने बांगडे विकत निघाले. आमचं गिऱ्हाईक त्याच रस्त्यावर होतं.